खडा निघाला, कारण राहिले

तीन-चार वर्षांच्या मुलाला मूतखडा होऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. मूतखडा हा मोठ्या माणसांचा, उन्हात राबणाऱ्यांचा आणि पाणी कमी पिणाऱ्यांचा विकार, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे लहान मूल लघवीच्या वेळी रडू लागले, लंगोटावर तांबूस डाग किंवा वाळूसारखे कण दिसू लागले, तरी घरातील वडीलधारी माणसे प्रथम ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि धन्याजिऱ्याचे पाणी देतात. दुखणे वाढल्यावर सोनोग्राफी होते, तीत खडा दिसतो आणि मग त्याचे खापर बोअरच्या जड पाण्यावर फोडले जाते. टोमॅटो आणि पालक बंद होतात, कुळथाचे कढण सुरू होते. तेवढ्याने भागले नाही की जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागते. निघालेला खडा लहानशा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिला जातो. ती बाटली काही दिवस फडताळात राहते, आल्यागेल्याला दाखवली जाते आणि मग केव्हातरी केरात जाते.

त्या बाटलीबरोबर त्या मुलाच्या आजाराचा सर्वांत बोलका पुरावाही कित्येकदा केरात जातो. लहान वयातील प्रत्येक खडा आनुवंशिक असतो असे नव्हे. जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाच्या रचनेतील दोष, लघवीतून जादा कॅल्शियम जाणे अशी अन्य कारणेही असतात. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत हा खडा म्हणजे शरीरात जन्मापासून उणे असलेल्या एखाद्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, पहिली वर्दी असते. ती वर्दी वेळीच वाचली गेली तर मूल वाचते आणि त्याची मूत्रपिंडेही वाचतात. ती न वाचता बाटली फेकली गेली तर खडे पुन्हा होतात, शस्त्रक्रिया पुन्हा होतात आणि काही वर्षांनी प्रश्न डायलिसिसपर्यंत येऊन ठेपतो. दुर्मीळ रोगांची चर्चा निघाली की ती कोट्यवधी रुपयांच्या औषधांपाशी जाऊन थांबते. प्रत्यक्षात या मुलांचे पहिले नुकसान महाग औषधाच्या अभावी होत नाही. ते होते एका स्वस्त तपासणीच्या अभावी.

दारिद्र्याचा खडा, वंशाचा खडा

मुलांचा मूतखडा या देशाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे वर्णन आहे, ती काढण्याची शस्त्रक्रिया आहे आणि हा विकार विशेषतः बालकांना होतो असेही नमूद आहे. गेल्या शतकात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथील प्रयोगशाळेत उंदरांना निकृष्ट आहार देऊन त्यांच्या मूत्राशयात खडे निर्माण करून दाखविले आणि आहार सुधारला की ते टळतात हेही सिद्ध केले. निव्वळ धान्यावर, दुधावाचून वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांना होणारा मूत्राशयातील खडा हा अशा रीतीने दारिद्र्याचा खडा होता. राहणीमान सुधारत गेले तसतसे त्याचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी घटले. समाजाच्या आणि काही अंशी वैद्यकाच्याही मनात मात्र मुलाचा खडा म्हणजे खाण्यापिण्यातील दोष, हे समीकरण पक्के बसले ते बसलेच.

दुसऱ्या जातीच्या खड्याची उकल वेगळ्या वाटेने झाली. लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड १९०२ साली हवेत ठेवल्यावर लघवी काळी पडणाऱ्या एका निरुपद्रवी वाटणाऱ्या विकाराचा अभ्यास करीत होते. अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा परस्परांचे सख्खे चुलत, मामे किंवा आते भावंड असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून १९०८ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी चयापचयातील जन्मजात चुका ही कल्पना मांडली. शरीरातील प्रत्येक रासायनिक क्रिया विशिष्ट विकराकरवी घडते. ते विकर वारशानेच सदोष आले तर ती क्रिया त्या पायरीपाशी अडते आणि अडलेला पदार्थ साचतो किंवा भलत्याच वाटेने बाहेर पडू लागतो, असा तिचा आशय. मुलांच्या आनुवंशिक खड्यांचे मर्म याच कल्पनेत आहे.

‘प्राथमिक हायपरऑक्झलुरिया’ हे त्यांतील सर्वांत गंभीर उदाहरण. यकृतात ग्लायऑक्झिलेट नावाचा एक पदार्थ तयार होत असतो. एक विशिष्ट विकर त्याचे ग्लायसिन या उपयुक्त द्रव्यात रूपांतर करते. ते विकर नसेल तर त्याच पदार्थाचे ऑक्झलेट बनते. शरीराला ऑक्झलेटचा काही उपयोग नाही. ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकावे लागते आणि तेथे कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे स्फटिक व खडे बनतात. दोष यकृतात, शिक्षा मूत्रपिंडाला, असा हा विचित्र प्रकार आहे. या रोगाच्या पहिल्या प्रकारात नेमके कोणते विकर उणे असते ते डॅनप्युर व जेनिंग्ज यांनी १९८६ साली दाखवून दिले. पुढे असेही आढळले की, काही रुग्णांत हे विकर तयार होते, पण पेशीतील ज्या कप्प्यात त्याने काम करावयाचे त्याऐवजी भलत्याच कप्प्यात जाऊन पडते. पत्र लिहिले गेले, तिकीट लागले, पण पत्ता चुकल्याने ते पोहोचलेच नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे उदाहरण याहूनही विरळ आहे. त्यात एपीआरटी नावाच्या विकराच्या अभावी ॲडेनिन हा पदार्थ पुन्हा वापरात न येता अत्यंत अविद्राव्य अशा द्रव्यात बदलतो आणि त्याचे खडे होतात. हे खडे क्ष-किरणांच्या साध्या चित्रात दिसत नाहीत. जुन्या रासायनिक चाचणीत ते यूरिक आम्लाच्या खड्यासारखेच भासतात. अवरक्त किरणांच्या साहाय्याने पृथक्करण केले तरच त्यांची खरी ओळख पटते. म्हणजे खडा तपासला जात नाही ही एक अडचण, आणि तपासला तरी जुन्या पद्धतीने तपासला जातो ही दुसरी.

तीन किमती

या रोगांकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता त्यांत उपचारांच्या तीन निरनिराळ्या किमती दिसतात. धोरणाचा सारा प्रश्न त्या तीन किमतींच्या क्रमात सामावलेला आहे.

पहिली किंमत जवळजवळ नगण्य. एपीआरटीच्या अभावावर ॲलोप्युरिनॉल हे औषध उत्तम गुणकारी आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून ते पुढे आले. या दोघांना १९८८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा परिणाम टिकावा म्हणून ज्या द्रव्याचा अभ्यास सुरू झाला, ते संधिवाताच्या एका प्रकारावरील सर्वपरिचित औषध बनले. त्याची बाजारपेठ मोठी असल्याने ते विपुल आणि स्वस्त झाले. मूठभर मुलांसाठी मुद्दाम असे औषध शोधण्याचा खर्च कोणी केला असता की नाही हे सांगणे कठीण. पण लाखो संधिवाताच्या रुग्णांच्या मागणीने ते या मुलांच्याही पदरात पडले. आज काही रुपयांना मिळणारी ही गोळी वेळेवर आणि आयुष्यभर घेतली तर मूत्रपिंडे शाबूत राहू शकतात. गोळी औषधाच्या दुकानात आहे आणि ती कोणाला द्यावयाची हेच ठाऊक नाही, अशी ही टंचाई आहे. ही टंचाई मालाची नव्हे, माहितीची आहे.

दुसरी किंमत आहे पाण्याची, पोटॅशियम सायट्रेटची आणि ब-६ जीवनसत्त्वाची. हायपरऑक्झलुरियाच्या मुलाला दिवसभर, आणि तान्हे असल्यास रात्रीही नळीवाटे, नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पाणी द्यावे लागते, जेणेकरून लघवी पातळ राहावी आणि स्फटिक जमू नयेत. वर सांगितलेल्या पत्ता चुकलेल्या विकराच्या रुग्णांपैकी अनेकांत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत दिल्यास ऑक्झलेटचे प्रमाण लक्षणीय घटते. ते सर्वांना लागू पडत नाही, परंतु ज्यांना पडते त्यांचे भवितव्यच पालटते. या उपचारात पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते. वर्गात वारंवार पाणी पिणारे आणि वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागणारे मूल खोडकर समजले जाते. त्याच्या बाबतीत ती परवानगी हा औषधाचाच भाग असतो. शाळेतील स्वच्छ मुतारी आणि पिण्याचे पाणी यांचे मोल अशा वेळी कळते.

तिसरी किंमत छाती दडपून टाकणारी आहे. पेशीतील एखाद्या जनुकाचा निरोप मध्येच अडवून त्याचे काम थांबविता येते, हा शोध अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तत्त्वावर तयार झालेल्या ‘लुमासिरान’ या औषधाला २०२० च्या नोव्हेंबरात युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. ते यकृतातील ऑक्झलेटनिर्मिती एक पायरी आधीच रोखते. मान्यतेपूर्वीच्या प्रमुख चाचणीत लघवीतील ऑक्झलेट त्याने सरासरी ६५ टक्क्यांनी घटविले. विज्ञानाचा हा खरोखर मोठा विजय होय. मात्र हे औषध हायपरऑक्झलुरियाच्या पहिल्या प्रकारालाच लागू आहे, आरंभीच्या मात्रांनंतर ते सामान्यतः दर तीन महिन्यांनी टोचून घ्यावे लागते आणि अमेरिकेत जाहीर झालेली त्याची सरासरी वार्षिक किंमत सुमारे पाच लाख डॉलर होती. रुपयांत हा आकडा चार कोटींपलीकडे जातो.

आणि निदानच झाले नाही तर? मग चौथी किंमत मोजावी लागते आणि ती केवळ पैशांत मोजता येत नाही. हायपरऑक्झलुरियात मूत्रपिंडे निकामी झाली की यकृतात होणाऱ्या ऑक्झलेटच्या निर्मितीशी नेहमीच्या डायलिसिसची गती जुळत नाही. ते हाडांत, डोळ्यांच्या पडद्यात, हृदयात साचू लागते. अशा मुलाला कारण न ओळखता केवळ मूत्रपिंड बसविले तर सदोष यकृत त्या नव्या मूत्रपिंडाचीही तीच गत करते. म्हणूनच पहिल्या प्रकारात यकृत आणि मूत्रपिंड अशा दोहोंच्या रोपणाचा मार्ग वैद्यकाने पत्करला. एपीआरटीच्या अभावातही रोग न ओळखता केलेले रोपण स्फटिकांनी वाया गेल्याचे, आणि रोगाचे खरे निदान त्यानंतरच झाल्याचे, दाखले वैद्यकीय वाङ्मयात आहेत. भारतात जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचे प्रमाण मोठे, आणि या दात्यांत स्त्रियांची संख्या अधिक. म्हणजे आई स्वतःचे एक मूत्रपिंड मुलाला देते आणि खडा कोणी तपासला नव्हता म्हणून ते दान वाया जाण्याचा संभव राहतो. या हानीची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

बाजारपेठेला न दिसणारी मुले

औषधाची किंमत एवढी का असावी, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या नफेखोरीच्या आरोपाने पुरे होत नाही. औषध शोधण्याचा खर्च रुग्ण दहा असोत की दहा लाख, जवळपास ठरलेला असतो. तो थोड्या रुग्णांवर वाटला गेला की दरडोई वाटा प्रचंड होतो. याच कारणाने दुर्मीळ रोगांची औषधे अनेक दशके कोणी हाती घेतच नव्हते. त्यांना ‘अनाथ औषधे’ हे नाव पडले ते त्यामुळेच. अमेरिकेने १९८३ साली खास कायदा करून ज्या रोगाचे त्या देशात दोन लाखांहून कमी रुग्ण आहेत त्यावरील औषधाला सात वर्षांचा एकाधिकार आणि करांत सवलत दिली. जपानने १९९३ मध्ये आणि युरोपीय संघाने २००० साली तोच मार्ग स्वीकारला. त्याचे फळ मिळाले हे मान्य केले पाहिजे. लुमासिरानसारखी औषधे ही त्याच धोरणाची अपत्ये आहेत. परंतु एकाधिकार दिला की किंमत ठरविण्याची सत्ताही दिली जाते. ती किंमत श्रीमंत देशांतील विमा कंपन्या व शासकीय आरोग्यसेवा काय देऊ शकतील यावरून ठरते. कोल्हापूरच्या किंवा परभणीच्या कारकुनाला काय परवडेल यावरून ठरत नाही. अनाथ औषधाला पालक मिळाला, तो मात्र परदेशातच राहिला.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. युरोपातील पाहण्यांनुसार हायपरऑक्झलुरियाच्या पहिल्या प्रकाराचे प्रमाण साधारणतः लाख ते सव्वा लाख जन्मांमागे एक असे आहे. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले जन्माला येतात. तेच प्रमाण येथे धरले तर दर वर्षी दीडशे-दोनशे अशी मुले जन्मत असली पाहिजेत. शिवाय हा रोग दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच प्रकट होतो. त्यामुळे जेथे जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे त्याचा संभव वाढतो. महाराष्ट्राच्या अनेक भागांत आणि दक्षिणेकडील राज्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आजही आहे.

या चालीविषयी बोलताना भान ठेवले पाहिजे. नात्यातील लग्नाने दोष निर्माण होत नाही. दोन घरांत दबून असलेला एकच दोष एकत्र येण्याची शक्यता तेवढी वाढते. नात्यात लग्न न करणाऱ्यांच्या मुलांनाही हा रोग होतो. आणि मूल आजारी निघाले की सुनेकडे बोट दाखविण्याची जी रीत आहे ती शास्त्राच्या कसोटीवर निखालस खोटी ठरते. जनुकाचा अर्धा वाटा बापाकडून आलेला असतो. ही साधी गोष्ट शाळा-महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या तासाला जितक्या स्पष्टपणे सांगितली जाईल तितका अनेक घरांतील अन्याय कमी होईल. एका मुलात रोग सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पहिल्या मुलाचे निदान हे दुसऱ्या मुलाच्या बाबतीत प्रतिबंधाचे साधन ठरते. पण पहिल्याचेच निदान झाले नाही तर दुसऱ्याची पाळी येईपर्यंत सारे घर अंधारात राहते.

धोरण आहे, पण उलट्या टोकापासून

केंद्र शासनाचे दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याआधी २०१७ साली केलेले धोरण पुढच्याच वर्षी स्थगित ठेवावे लागले होते. नव्या धोरणानुसार उत्कृष्टता केंद्रे नेमण्यात आली, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे, आणि २०२२ साली साहाय्याची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. यकृत व मूत्रपिंड अशा जोडरोपणाचा उल्लेखही या धोरणात आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु थोडे गणित केले असता त्याची मर्यादा उघड होते. वर्षाला चार कोटींचे औषध असेल तर ५० लाख रुपये जेमतेम दीड महिना पुरतात, आणि रोग तर जन्मभराचा. उरलेल्या रकमेसाठी लोकवर्गणीच्या संकेतस्थळाकडे बोट दाखविले जाते. ज्या मुलाचे छायाचित्र लोकांच्या काळजाला भिडेल त्याला औषध, आणि ज्याचे भिडणार नाही त्याला नशीब, अशी वाटणी कल्याणकारी राज्याला शोभत नाही.

किंमत खाली आणण्याचे उपाय शासनाच्या हाती नाहीत असे नव्हे. सर्व राज्यांच्या रुग्णांसाठी एकत्रित खरेदी, उत्पादकाशी वाटाघाटी आणि शेवटी पेटंट कायद्यातील सक्तीचा परवाना, ही सारी हत्यारे उपलब्ध आहेत. एका कर्करोगावरील औषधाबाबत २०१२ साली असा परवाना दिला गेला तेव्हा महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांच्या घरातील किंमत आठ हजार आठशे ऐंशी रुपयांवर आली होती. दुर्मीळ रोगांत ही वाट अधिक अवघड आहे, कारण येथे पर्यायी उत्पादकालाही गिऱ्हाईक थोडे. परंतु कोणत्याही वाटाघाटीत पहिला प्रश्न येतो तो, रुग्ण किती, हा. या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने सौद्याला बसू नये. आणि हे उत्तर मिळण्याची वाट पुन्हा त्या बाटलीतील खड्यापाशीच जाऊन पोहोचते.

धोरण उलट्या टोकापासून सुरू झाले आहे ते या अर्थाने. महागड्या उपचाराला साहाय्य देण्याची यंत्रणा उभी राहिली. त्या उपचाराची गरज पडू नये म्हणून लागणाऱ्या स्वस्त तपासणीची जबाबदारी मात्र कोणावरच पडली नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून महाराष्ट्रात मूतखड्याच्या शस्त्रक्रियांचा खर्च भागविला जातो. अशा सर्व योजनांत रुग्णालयाला पैसे मिळतात ते खडा काढल्याबद्दल. तो का झाला हे शोधल्याबद्दल स्वतंत्रपणे काही मिळत नाही. मोबदला ज्या कामाला मिळतो ते काम होते आणि ज्याला मिळत नाही ते राहून जाते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. यात शल्यविशारदांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खडा पुन्हा झाला तर शस्त्रक्रिया पुन्हा होते, पैसे पुन्हा दिले जातात आणि कागदोपत्री दोन यशस्वी शस्त्रक्रियांची नोंद होते.

एक अट, एक नोंद

यावर उपाय साधा आहे. शासकीय पैशाने अठरा वर्षांखालील मुलाची मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली की खड्याच्या पृथक्करणाचा अहवाल आणि लघवीतील ऑक्झलेटसह आवश्यक घटकांची मोजणी या दोन गोष्टी देयक मंजूर होण्याची अट असाव्यात, आणि त्यांचा खर्च योजनेनेच स्वतंत्रपणे द्यावा. दोन्ही तपासण्या आवश्यक आहेत, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा सर्वसामान्य माणसालाही होतो; नुसत्या खड्यावरून हायपरऑक्झलुरियाचे निदान होत नाही. उलटपक्षी मूत्रपिंड खालावल्यावर लघवीतील ऑक्झलेट फसवे कमी दिसू शकते, तेव्हा रक्ताची व जनुकांची तपासणी करावी लागते. मात्र अशी पुढची, महाग तपासणी पहिल्या चाळणीतून राहिलेल्या थोड्याच मुलांची करावी लागेल. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नवी प्रयोगशाळा नको. खडा हा नासणारा पदार्थ नाही. तो कोरड्या बाटलीतून टपालाने पाठविता येतो. राज्यात दोन-तीन ठिकाणी अवरक्त पृथक्करणाची उत्तम सोय झाली तरी आरंभाला पुरे. आणि जे निदान होईल त्याची नाव गुप्त ठेवून राष्ट्रीय नोंदवहीत नोंद व्हावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ज्या राज्यात मुले कुपोषणाने दगावतात तेथे लाखात एखाद्याला होणाऱ्या रोगावर खर्च कशाला? आक्षेपामागील तळमळ खरी आहे. परंतु ही तपासणी केवळ दुर्मीळ रोगाच्या मुलाची होणार नाही. खडा झालेल्या प्रत्येक मुलाची होईल. ज्यांच्यात जंतुसंसर्गाचा किंवा जादा कॅल्शियमचा खडा निघेल त्यांनाही योग्य उपचार मिळतील आणि पुढच्या शस्त्रक्रिया वाचतील. शिवाय ही मुले दुर्मीळ असली तरी त्यांचे हक्क दुर्मीळ नाहीत. संख्येने थोडे असणे हा अपात्रतेचा निकष ठरला तर त्या तर्काला अंत राहणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. औषध देण्याची ऐपत नसताना रोगाचे नाव सांगणे ही क्रूरता नव्हे काय? हा प्रश्न कित्येक डॉक्टरांच्याही मनात असतो आणि तो टाळण्यासारखा नाही. तथापि महाग औषधावाचूनही निदान निष्फळ नसते. एपीआरटीच्या मुलाला निदानाबरोबर औषधच मिळते. हायपरऑक्झलुरियाच्या मुलाला पाणी, सायट्रेट आणि लागू पडल्यास जीवनसत्त्व मिळते, मूत्रपिंडाचे काम टिकून राहण्याची वर्षे वाढू शकतात. धाकट्या भावंडाची खडा होण्याआधीच तपासणी होते. व्यर्थ जाणारे रोपण टळते. आणि ज्याला खरोखरच महाग औषधावाचून गत्यंतर नाही, त्याचे नाव निदान मागणीच्या यादीत तरी येते. जो रोगी मोजलाच गेला नाही त्याच्यासाठी न्यायालयही काही करू शकत नाही आणि विधिमंडळही.

रोग दुर्मीळ आहे असे म्हणताना तो किती वेळा पाहिला गेला एवढेच सांगितले जाते. तो किती वेळा असूनही पाहिला गेला नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. गॅरॉड यांच्या व्याख्यानांना शंभराहून अधिक वर्षे झाली. विकर कोणते, दोष कोठे, उपाय काय, हे शास्त्राने एकामागून एक सांगून ठेवले आहे. उरला आहे तो फडताळातील बाटली आणि प्रयोगशाळा यांच्यामधला प्रवास. तो घडवून आणण्यास नोबेल पारितोषिकाची बुद्धी लागत नाही. शासकीय परिपत्रकातील एक कलम आणि ते अमलात आणणारा एक दक्ष कारकून एवढे पुरते. कोट्यवधींच्या औषधासाठी भांडण्याचा हक्क शासनाला आणि समाजाला जरूर आहे. परंतु काही रुपयांची गोळी ज्या मुलाला वाचवू शकली असती ते मूल निदानावाचून डायलिसिसच्या खाटेवर पोहोचत असेल, तर त्या भांडणात नैतिक बळ कोठून येणार?